कोड जात नाही : पंपघरातील चिपचा पूर्वेतिहास

केळीच्या बागेतील पंपघरात स्टार्टरशेजारी भिंतीवर एक लहान डबा असतो. शेतकरी त्याला ‘ऑटो’ म्हणतात. लाईट आली की हा डबा तिन्ही फेज तपासतो, दाब स्थिर होईपर्यंत थांबतो आणि मग मोटर सुरू करतो. फेज गेली, दाब पडला किंवा बोअरचे पाणी संपले तर तो मोटर बंद करतो. हे सारे ठरवणारी नखाएवढी चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर. तिच्यात प्रोग्राम उतरला नाही तर डब्याला काहीच अर्थ उरत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर या दुखण्याला एकच नाव आहे : ‘कोड जात नाही’. या तीन शब्दांमागची कारणे मात्र पन्नास वर्षांत अनेकदा बदलली.

सावदा हे रावेर तालुक्यातील गाव भुसावळ-खंडवा लोहमार्गावर आहे. येथील स्थानकावरून केळी रेल्वेने दिल्लीकडे जाते. केळीला पाणी वर्षभर लागते आणि या पट्ट्यात ते बोअर व विहिरीतून मोटरनेच उपसावे लागते. शेतीपंपांना वीज मिळते ती पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, म्हणून मध्यरात्री उठून बटण दाबायला जाणे हा अनेक वर्षे बागायतदाराच्या दिनक्रमाचा भाग होता. त्या अंधारातल्या फेऱ्यांत साप-विंचवाची भीती आणि उघड्या तारेचा धोका असे. ऑटोची गरज त्यातून निर्माण झाली.

पहिल्या ऑटोंत चिप नव्हती. रिले, टायमर आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर एवढ्यावर ते चालत. एक फेज गेली असता मोटर चालू राहिली तर उरलेल्या वाइंडिंगवर ताण येऊन ती जळते. प्रिव्हेंटर ते टाळत असे. असा डबा बंद पडला तर वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन आधी डीपीकडचा दाब पाही, मग फ्यूज, मग कॉन्टॅक्टर आणि शेवटी डब्याच्या आतले भाग. बाहेरून आत येण्याचा हा क्रम चिपच्या बाबतीतही बरोबर ठरतो. चिप आल्यावर मात्र अनेकांनी तो उलटा केला. कोड जात नाही म्हटल्यावर पहिला संशय प्रोग्रामवर आणि दुसरा चिपवर घेतला जाऊ लागला. दोष बहुधा या दोन्हींत नसतो.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1974 मध्ये बाजारात आणलेल्या टीएमएस 1000 या मालिकेत प्रोग्राम कारखान्यातच सिलिकॉनवर कोरला जाई. तेव्हा कोड न जाण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता चुकीचा कोड गेल्याचा, आणि त्याला इलाज नव्हता : हजारो चिप फेकाव्या लागत. इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी 1971 मध्ये ईप्रॉम ही पुसता येणारी स्मृती तयार केली होती. 1976 च्या 8048 मालिकेतील 8748 मध्ये आणि 1980 च्या 8051 मालिकेतील 8751 मध्ये ती थेट मायक्रोकंट्रोलरच्या पोटात आली. या चिपच्या पाठीवर क्वार्ट्झ काचेची खिडकी असे. तिच्यातून अतिनील प्रकाश पंधरा-वीस मिनिटे पाडला की जुना प्रोग्राम पुसला जाई.

त्या काळातील बहुतेक बिघाड या खिडकीशी जोडलेले होते. पुसलेल्या ईप्रॉमचा प्रत्येक बाइट एफएफ वाचला जातो, म्हणजे सर्व बिट एक असतात. प्रोग्राम लिहिताना एकाचे शून्य करता येते, शून्याचे एक करता येत नाही. त्यामुळे दिव्याखाली चिप अर्धवट पुसली गेली, खिडकीवर जुन्या स्टिकरचा डिंक राहिला किंवा दिवाच म्हातारा झाला, की लिहिलेले आणि वाचलेले जुळत नसे. याहून त्रासदायक प्रकार म्हणजे काठावर पुसलेली चिप. ती टेबलावर नीट वाचली जाई आणि उन्हात तापलेल्या डब्यात गेली की चुकू लागे. उत्पादकांची माहितीपत्रके सांगत की थेट सूर्यप्रकाशात अशी चिप साधारण आठवड्याभरात पुसली जाऊ शकते, तर खोलीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात तिला तीनेक वर्षे लागतात. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे नेणाऱ्या जळगाव जिल्ह्याच्या उन्हात खिडकीवरचा काळा स्टिकर ही शोभेची वस्तू नव्हती.

दुसरे कारण दाबाचे होते. 8751 एच या चिपला प्रोग्रामिंगसाठी 21 व्होल्ट लागत, तर तिच्याच घराण्यातील 8751 बीएच आणि 87सी51 यांना 12.75 व्होल्ट. नाव जवळजवळ तेच आणि पिनाही तशाच चाळीस. प्रोग्रामरवर चुकीचे नाव निवडले तर एकीकडे कोड जात नसे आणि दुसरीकडे चिप कायमची जळे.

खान्देशात हे तंत्र आले ते महाविद्यालयांच्या वाटेने. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या लाटेत सावद्याशेजारी फैजपूरला जे. टी. महाजन अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. फैजपूरची ओळख तोवर 1936 च्या काँग्रेस अधिवेशनाची, खेड्यात भरलेल्या पहिल्या अधिवेशनाची, होती. 1990 मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्या पिढीचे विद्यार्थी आधी 8085 च्या ट्रेनर किटवर हेक्स अंक हाताने टाइप करत आणि मग 8051 कडे येत. एक अंक चुकला की प्रोग्राम भरकटे. त्यामुळे टाकलेले पुन्हा वाचून पाहायची सवय त्यांच्या अंगवळणी पडली. पुढे प्रोग्रामरच्या सॉफ्टवेअरमधील ‘व्हेरिफाय’ हे बटण तेच काम करू लागले. घाईत ते न दाबणारे लोक आजही भेटतात.

खिडकीचे युग ॲटमेलच्या एटी89सी51 ने संपवले. 1993 च्या सुमारास आलेल्या या चिपमध्ये फ्लॅश स्मृती होती. ती विजेनेच पुसली जाई, तेही काही मिलिसेकंदांत, आणि सुमारे हजार वेळा. पुण्याच्या बुधवार पेठेत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती सहज मिळू लागली आणि महाराष्ट्रातील छोट्या कारखानदारांनी ऑटोपासून टॅक्सीच्या मीटरपर्यंत सगळ्यांत ती बसवली. बिघाडांची यादीही नवी झाली. या चिपचे दोन प्रकार होते, बारा व्होल्टने लिहिला जाणारा आणि पाच व्होल्टने लिहिला जाणारा. फरक फक्त अंगावरच्या छापात : दुसऱ्याच्या शेवटी ‘-5’ असे. चिपच्या आत ओळखीचे बाइट असतात. पहिला 1ई म्हणजे ॲटमेल, दुसरा 51 म्हणजे जात, आणि तिसरा एफएफ असेल तर बारा व्होल्ट, 05 असेल तर पाच. प्रोग्रामरने प्रथम ही ओळख वाचावी, जुळली तरच लिहावे, हा नियम तेव्हापासून रूढ झाला.

कोड गेला, व्हेरिफायही झाला आणि तरी चिप ढिम्म, असा प्रकार 8051 घराण्यात फार होता. त्याचे कारण बहुधा 31 क्रमांकाची ईए ही पिन असे. ती पाच व्होल्टला जोडली नाही तर चिप आतला प्रोग्राम सोडून बाहेरच्या स्मृतीत शोधू लागते, आणि बाहेर तर काहीच नसते. दुसरे कारण पोर्ट शून्य. त्याला बाहेरून पुल-अप रोधक द्यावे लागतात, नाहीतर रिलेला इशारा पोहोचत नाही. हे दोन्ही दोष चालवण्याचे आहेत, लिहिण्याचे नव्हेत. पण टेबलावर तक्रार एकच येई.

त्यानंतर चिप सॉकेटमधून न काढता, बोर्डावरच प्रोग्राम करण्याची सोय आली. एटी89एस52 आणि ॲटमेलच्याच एव्हीआर चिप चार तारांच्या सिरियल पद्धतीने लिहिता येत : डेटा आत, डेटा बाहेर, घड्याळ आणि रिसेट. दोघींच्या पिनांना नावे सारखी. रिसेट मात्र 8051 घराण्यात वर नेल्याने लागू होतो आणि एव्हीआरमध्ये खाली ओढल्याने. एकीसाठी बनवलेली केबल दुसरीला लावली की चिप प्रोग्रामिंगच्या अवस्थेत जातच नाही आणि ओळखीच्या जागी सगळी शून्ये येतात. सॉफ्टवेअर फक्त जोडण्या तपासा असे सुचवते. बिघाड शोधणाऱ्याने इतक्या साध्या सल्ल्याकडे दुर्लक्ष केल्याने वाया गेलेले तास मोजायचे म्हटले तर कठीण आहे.

केबल संगणकाच्या प्रिंटर पोर्टात लावली जाई आणि इथेच वीज व जमीन या विषयाने चिपच्या गोष्टीत प्रवेश केला. अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाच्या पॉवर सप्लायमधील फिल्टर कपॅसिटरांमुळे त्याच्या धातूच्या अंगावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे सुमारे 115 व्होल्ट, दाब तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने हाताला फक्त झिणझिण्या येतात. पण केबल लावण्याच्या क्षणी तो दाब चिपच्या पिनेतून वाट काढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी ओतायचे असते हे मोटरच्या वायरमनला ठाऊक होते, संगणकाच्या टेबलावर मात्र कुणाच्या ध्यानात येत नसे. म्हणून जाणत्यांनी केबलमध्ये 74एचसी244 हा बफर बसवला : जळायचेच असेल तर पंधरा-वीस रुपयांचा बफर जळावा, पोर्ट नव्हे.

याहून गंभीर बाब डब्याच्या आतली. खर्च वाचवण्यासाठी अनेक ऑटोंमध्ये ट्रान्सफॉर्मर न घालता कपॅसिटरनेच दाब उतरवलेला असतो. अशा बोर्डाची ‘ग्राउंड’ ही तार प्रत्यक्षात जिवंत लाइनला जोडलेली असते. त्यावर प्रोग्रामर लावला की कोड तर जात नाहीच, लॅपटॉप आणि माणूस दोघांनाही धोका होतो. असा बोर्ड लाइनवरून सोडवून, स्वतंत्र पाच व्होल्टवर चालवूनच हात लावावा लागतो.

एव्हीआरने, नॉर्वेतील ट्रॉन्डहेमला आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोल्लान यांनी मांडलेल्या या रचनेने, आणखी एक स्वतंत्र दुखणे दिले : फ्यूज बिट. पंपाच्या फ्यूजशी त्यांचे नाते फक्त नावाचे. घड्याळ कुठून घ्यावे, रिसेटची पिन रिसेट म्हणून वापरावी की नाही, अशा गोष्टी ते ठरवतात. त्यांत शून्य म्हणजे ‘लागू’ आणि एक म्हणजे ‘लागू नाही’. हा उलटा हिशेब समजण्याआधी अनेकांनी चिप लॉक केल्या. नवी एटमेगा8 आतल्या एक मेगाहर्ट्झ घड्याळावर चालते. तिला बाहेरच्या क्रिस्टलवर चालण्याचा फ्यूज दिला आणि क्रिस्टल लावलाच नाही, तर ती मेल्यासारखी पडते. प्रत्यक्षात ती मेलेली नसते. बाहेरून एक्सटाल1 पिनेवर घड्याळ दिले की ती उत्तर देते आणि फ्यूज पूर्ववत करता येतो. रिसेटची पिनच बंद केली असेल तर मात्र बारा व्होल्टचा समांतर प्रोग्रामर लागतो. तिसरी गल्लत वेगाची. प्रोग्रामरचे घड्याळ चिपच्या घड्याळाच्या चौथ्या हिश्श्याहून मंद असावे लागते. एक मेगाहर्ट्झच्या चिपशी तो 250 किलोहर्ट्झपेक्षा जोरात बोलू लागला की तिला काही कळत नाही. वेग कमी केला की तीच चिप, तीच केबल, तोच प्रोग्राम बिनतक्रार चालतो.

मोबाइल आल्यावर ऑटो बोलू लागला. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या मोबाइलवरून पंप चालवणाऱ्या उपकरणाला 2009 मध्ये नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले आणि तशी उपकरणे गावोगाव पोहोचली. जीएसएम मॉड्यूल संदेश पाठवताना क्षणभर दोन अँपियरपर्यंत प्रवाह ओढते. सप्लाय कमजोर असेल तर दाब कोसळतो, चिप पुन्हा सुरू होते. दाब हळूहळू पडत असेल तर चिप भरकटून आपल्याच ईईप्रॉमवर भलतेच लिहिते. मालकाचा फोन नंबर आणि टायमरची वेळ तिथेच साठवलेली असते. म्हणून एकाएकी दुसऱ्याच नंबराला उत्तर देणारा डबा टेबलावर आला की कोड नव्याने टाकून भागत नाही. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की चिपला थांबवून ठेवणारा ब्राउन-आउट फ्यूज लावावा लागतो. फीडरच्या शेवटच्या टोकाला असलेल्या पंपघरांसाठी हा फ्यूज ऐच्छिक मानणे ही चूकच.

2005 मध्ये इटलीतील इव्रिया येथे जन्मलेल्या आर्डुइनोने प्रोग्रामरच अनावश्यक केला. चिपमध्ये आधीच बसलेला बूटलोडर यूएसबीवरून कोड घेतो. बिघाड मग यूएसबीच्या चिपकडे सरकला. स्वस्त बोर्डांवरील सीएच340 साठी वेगळा ड्रायव्हर लागतो. 2014 च्या ऑक्टोबरात एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला आणि जगभरचे बोर्ड एका रात्रीत संगणकाला दिसेनासे झाले. फक्त चार्जिंगच्या, डेटाच्या तारा नसलेल्या केबलने दिलेला त्रास त्याहून मोठा असेल. त्याच वर्षी आलेल्या ईएसपी8266 मध्ये सुरू होताना शून्य क्रमांकाची पिन जमिनीला जोडलेली असेल तरच कोड जातो.

2020 नंतरच्या चिपटंचाईत नकली मालाचा प्रश्न पुन्हा वर आला. एटमेगा328पी म्हणून विकत घेतलेली चिप साधी 328 निघे. तिची ओळख 1ई 95 14 अशी वाचली जाई, तर सॉफ्टवेअर 1ई 95 0एफ ची वाट पाहत असे. दोघींचे काम जवळपास सारखे, म्हणून ओळख तपासणी बंद करून कोड ढकलण्याची युक्ती पसरली. युक्ती चालते. पण ओळख न जुळण्याचे खरे कारण सैल तार असेल तर तपासणी बंद केल्याने तो दोष झाकला जातो आणि फ्यूज बिटांत कचरा लिहिला जाण्याची शक्यता उरते.

नव्या डब्यांत कोड हवेतून, मोबाइलच्या जाळ्यावरून येतो. ईएसपी32 सारख्या चिपची स्मृती त्यासाठी दोन कप्प्यांत विभागतात. चालू प्रोग्राम एका कप्प्यात राहतो, नवा दुसऱ्यात उतरतो आणि पूर्ण उतरून तपासला गेल्यावरच चिप कप्पा बदलते. अर्ध्यात लाईट गेली तर नवा कप्पा अपुरा राहतो, आणि पुढच्या पाळीला वीज आली की मोटर जुन्याच प्रोग्रामवर सुरू होते.