शिखरावाचून चढाई

गिर्यारोहणाच्या इतिहासाशी साहित्याच्या अभ्यासकांचा काय संबंध, अशी शंका काही वाचकांना येईल. आमचे उत्तर असे, की या इतिहासात एका लहान प्रकाराने मोठ्या प्रकाराच्या सावलीतून बाहेर पडण्यासाठी केलेली धडपड आहे. कथा ही कादंबरीची पूर्वतयारी की स्वतंत्र वाङ्मयप्रकार, हा वाद वर्गात शिकवताना आपण ज्या शब्दांत मांडतो, जवळजवळ त्याच शब्दांत तो कातळांवरही झालेला आहे.

हा लहान प्रकार म्हणजे बोल्डरिंग. दहा-पंधरा फूट, क्वचित वीस-पंचवीस फूट उंचीच्या सुट्या शिळेवर दोर न लावता, खिळे न ठोकता केवळ हातापायांनी चढायचे. वर पोचल्यावर शिखर नाही, ध्वज नाही, दरीचे दर्शन नाही. बहुधा शिळेच्या मागच्या बाजूने एखादे पोरही चालत वर येऊ शकते. अशा धोंड्यावर काही माणसे महिनोन्महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे झटतात, आणि दोर बांधून हजार फुटांचा कडा चढण्याची क्षमता असूनही त्याकडे वळत नाहीत. ती असे का करतात, याचे उत्तर स्वभावात शोधण्यापूर्वी इतिहासात शोधावे असे आम्हांस वाटते.

सुरुवात दोरापासूनच करावी लागेल. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती मॅटरहॉर्नच्या माथ्यावर प्रथम पोचले. उतरताना त्यांपैकी एकाचा पाय घसरला, त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले आणि मधला दोर तुटला. चौघे गेले, तिघे उरले. तुटलेल्या दोराचा तुकडा त्सेरमाटच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो. या अपघाताची चर्चा पुढे कित्येक वर्षे दोर कापला की तुटला, याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्या काळचा दोर पडणाऱ्याला तोलून धरण्याइतका भरवशाचा नव्हता. तो माणसांना एकमेकांशी बांधत असे, वाचवीतच असे असे नाही. म्हणून पुढे चढणाऱ्याने पडायचेच नाही, हा आरोहकांचा पहिला दंडक होता आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर प्रचारात येईपर्यंत तो टिकून राहिला.

(दोराचा हा दुहेरी अर्थ मराठी वाचकाला नवा नाही. सिंहगडाच्या परंपरागत कथेत मावळे दोरावरून वर चढतात आणि तानाजी पडल्यावर सूर्याजी तेच दोर कापून टाकतो, कारण दोर म्हणजे परतीची वाट. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवू. दोर काय असतो हे ती सांगणाऱ्यांना नीट ठाऊक होते.)

आता या दंडकाचा परिणाम पाहा. ज्याला पडायचेच नाही, त्याने आपल्याला निश्चित जमेल तेवढेच चढावे हे ओघाने आले. जमेल की नाही याची शंका असलेली हालचाल करून पाहण्याची मुभा उंच कड्यावर नव्हती. ती मुभा एकाच ठिकाणी होती: जमिनीपासून फार वर नसलेल्या शिळेवर. तिथे माणूस पडू शकत होता, उठून पुन्हा प्रयत्न करू शकत होता, दहादा हरू शकत होता. बोल्डरिंगचे मूळ धाडसात नसून या हरण्याच्या सोयीत आहे, असे आमचे मत आहे. दोराशिवाय चढणारे ते बेदरकार आणि दोर बांधणारे ते सावध, हा लोकप्रिय समज त्यामुळे बराचसा उलटा ठरतो. शेकडो फुटांवर दोराशिवाय चढणे ही वेगळीच गोष्ट आहे, तिची गल्लत येथे करू नये.

पॅरिसच्या दक्षिणेस सुमारे साठ किलोमीटरांवर फाँतेनब्लोचे जंगल आहे. पाइन आणि ओकच्या झाडांत वालुकाश्माच्या हजारो शिळा विखुरलेल्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी पुष्कळ ठिकाणी मऊ वाळू आहे. पडणाऱ्यासाठी निसर्गानेच अंथरूण घातलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पॅरिसचे आरोहक रविवारी आगगाडीने इथे येत. आल्प्स दूर होता, तिथे जायला रजा आणि पैसा लागे. जंगल जवळ होते. पण ही मंडळी प्रारंभी तरी जंगलासाठी येत नव्हती. येत होती ती आल्प्सची तयारी करायला.

या परंपरेतील मोठे नाव पिएर आलँ. १९३४ साली त्याने फाँतेनब्लोमध्ये जी कोपऱ्याची चढण साधली ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पुढल्याच वर्षी रेमों लेनिंजेर याच्यासह त्याने आल्प्समधील ड्रू शिखराची उत्तर भिंत प्रथम सर केली. म्हणजे धोंडा आणि डोंगर यांत त्याने फारकत केली नव्हती. मात्र त्याची एक कल्पना शिळेवरूनच आली. नाळ ठोकलेले जड बूट बाजूस सारून गुळगुळीत रबरी तळ असलेला हलका बूट त्याने बनवला. पुढे तो त्याच्या आद्याक्षरांनी, ‘पी. ए.’ म्हणून, विकला जाऊ लागला. आज कोणत्याही कातळावर कोणीही जो बूट घालतो, त्याचा हा पूर्वज. सरावासाठी मानलेल्या जागेने मुख्य खेळाचे पाय बदलले, ते असे.

फाँतेनब्लोच्या चालीरीती न्याहाळण्याजोग्या आहेत. शिळेखाली फडक्याचा तुकडा अंथरून त्यावर पाय पुसायचे, जेणेकरून बुटाची वाळू दगड झिजवू नये. हातापायांची पकड घट्ट व्हावी म्हणून राळेच्या भुकटीची पुरचुंडी दगडावर आपटायची. १९४७ मध्ये फ्रेद बेर्निक याने तेथे शिळांवर रंगाचे बाण आणि आकडे काढून पहिला ठरीव फेरा आखला. एका शिळेवरून उतरून दुसरीवर, तीवरून तिसरीवर, असा हा क्रम चाळीस-पन्नास शिळांपर्यंतही जातो. या फेऱ्यामागचा हेतू लक्षात घ्यावा. सुट्या शिळा एका सूत्रात ओवून लांबलचक डोंगरी चढाईचा भास निर्माण करायचा होता. मुक्तके ओवून प्रबंध रचण्याचाच हा खटाटोप. लहान प्रकार अजून स्वतःच्या लहानपणाबद्दल संकोचत होता.

इंग्लंडमधला ऑस्कर एकेनस्टाइन (१८५९–१९२१) हा मात्र मुळातच संकोच न बाळगणारा गृहस्थ होता. पेशाने रेल्वे अभियंता, वृत्तीने भांडखोर, अल्पाइन क्लबच्या प्रतिष्ठितांशी कायमचे वाकडे. वेल्समधील एका शिळेला आजही त्याचे नाव आहे. बाहूंच्या जोरावर नव्हे तर तोलावर चढावे, हे तो शिळांवर प्रयोग करून दाखवीत असे. क्लबच्या सभ्य सदस्यांना हा पोरखेळ वाटला तर नवल नाही. त्यांच्या लेखी शिखर होते म्हणून चढाई होती, आणि शिखर गाठल्याची नोंद होती म्हणून ती चढाई इतिहास होती. शिळेवरच्या यशाची नोंद कुठे करणार?

हा प्रश्न पहिल्यांदा नेटाने घेतला तो एका गणितज्ञाने. जॉन गिल याचा जन्म १९३७ सालचा, अमेरिकेतील अलाबामा राज्यातला. तो डोंगरांतून शिळांकडे आला खरा, पण बरोबर आणले ते व्यायामशाळेतले संस्कार. रिंगांवरची कसरत आणि दोरावर हातांनी चढण्याची शर्यत या त्याच्या विद्या होत्या. दोर न वापरणाऱ्यांचा हा आद्यपुरुष दोरावरच घडला, ही गंमत नोंदवून ठेवू. जिमनॅस्ट हाताला लावतात ती मॅग्नेशियमची पांढरी भुकटी पन्नाशीच्या दशकात त्याने कातळावर आणली. १९६१ साली दक्षिण डकोटातील नीडल्स भागात ‘थिंबल’ नावाचा सुमारे तीस फुटी सुळका त्याने दोराशिवाय चढून दाखवला. त्यासाठी जिथे नोकरी होती तेथील व्यायामशाळेच्या भिंतीतून बाहेर आलेले नट-बोल्ट चिमटीत दाबून त्याने बोटांची तयारी केली होती. तीस फूट म्हणजे धोंडा की कडा? त्या उंचीवरून पडणे सोयीचे नव्हते, आणि आमचे वर केलेले विधान येथे थोडे अपुरे पडते, हे मान्य केले पाहिजे.

१९६९ मध्ये ‘अमेरिकन अल्पाइन जर्नल’ या गिर्यारोहकांच्या प्रतिष्ठित वार्षिकात गिलने बोल्डरिंगच्या कलेवर निबंध लिहिला. बोल्डरिंग ही गिर्यारोहणाची पहिली इयत्ता नव्हे, त्याचे नाते जिमनॅस्टिक्सशी आहे, ही त्याची भूमिका. जिमनॅस्टला कुठे पोचला असे कोणी विचारत नाही, हालचाल कशी झाली असे विचारतात. कसोटीच बदलली की लहानमोठेपणाचा हिशेबही बदलतो. शिळेवरच्या चढणीला आरोहक ‘प्रॉब्लेम’ म्हणतात, हा शब्द गणिताच्या प्राध्यापकाला किती जवळचा वाटत असेल! कठीण गणिताचे उत्तर चार ओळींत मावले म्हणून ते क्षुद्र ठरत नाही.

गिलने काठिण्याची जी मापनपद्धती सुचवली ती आम्हांला या सगळ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. तिच्या तीनच पायऱ्या होत्या. पहिली, दोर लावून केलेल्या त्या काळच्या अवघड चढायांच्या तोडीची. दुसरी, त्याहून कठीण. तिसरी, जी एकदाच कोणीतरी साधली आहे आणि इतरांना प्रयत्न करूनही साधलेली नाही. दुसऱ्या कोणाला ती जमली, की तिची श्रेणी आपोआप खाली यायची. म्हणजे सर्वोच्च स्थान कायम कोणाच्याच मालकीचे नाही. आकड्यांची चढाओढ लागू नये म्हणून ही योजना होती आणि ती अर्थातच टिकली नाही. आकडे वाढत जाणारी श्रेणीच पुढे रूढ झाली: अमेरिकेत जॉन शर्मनने टेक्सासमधील शिळांसाठी बसवलेली, युरोपात फाँतेनब्लोची. २०१६ साली फिनलंडच्या नाले हुक्काताइव्हलने काही वर्षांच्या प्रयत्नांनंतर एक अवघी काही हातांची चढण साधली आणि श्रेणी फ्रेंच पद्धतीने ‘नऊ ए’ पर्यंत नेली. २०२३ मध्ये दुसऱ्याने ती चढली तरी आकडा ढळला नाही. गिलच्या हिशेबात तो ढळला असता.

मग काहींना दोरापेक्षा शिळा प्रिय का? इतिहासाने दिलेली कारणे एव्हाना हाती आली आहेत. काही व्यवहारातली आहेत. दोघांच्या दोरावर एकजण चढत असता दुसरा खाली दोर सांभाळीत, म्हणजे आरोहकांच्या भाषेत ‘बिले’ देत, उभा असतो. दिवसाचा अर्धा वेळ असा जातो. शिळेभोवती मात्र पाच-सहा जण बसलेले असतात, पाळीपाळीने चढतात, पडतात, एकमेकांना सल्ले देतात, हसतात. साहित्य म्हणाल तर बूट, भुकटी आणि नव्वदीच्या दशकापासून खाली अंथरायची जाड गादी. उंचीचे भय, वाटेचा शोध, हवामान, उतरण्याची चिंता हे सारे वजा करून केवळ अवघडपणा शिल्लक ठेवलेला असतो. हे वजा करणे ज्यांना रुचते ते शिळेकडे जातात.

ज्यांना ते रुचत नाही, त्यांचे म्हणणेही हलके लेखू नये. जे वजा केले तेच डोंगराचे सार होते, असे ते म्हणतात. दुसऱ्याचा जीव आपल्या हातातील दोरावर आहे ही जाणीव शिळेपाशी मिळत नाही. खाली हात पसरून उभा असलेला मित्र तिची जागा पुरती भरून काढीत नाही. आणि शिळेवरची प्रत्येक पडझड जमिनीवरच संपत असल्याने घोट्याचे नि मनगटाचे दुखणे तिथे अधिक परिचयाचे.

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त अमरूच्या मुक्तकांविषयी म्हटले आहे, की ती रसदृष्ट्या प्रबंधासारखीच आहेत. आम्हांला वाटते, गिलचा दावा याहून एक पाऊल पुढचा होता. मुक्तक प्रबंधाच्या तोडीचे आहे असे तो म्हणत नव्हता; प्रबंधाच्या फूटपट्टीने मुक्तक मोजूच नका, असे म्हणत होता. हालाच्या ‘गाथासप्तशती’च्या प्रदेशातील वाचकांना हे पटायला जड जाऊ नये.

कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीत हे दोन्ही प्रकार समोरासमोर उभे आहेत. एल कॅपिटनच्या तीन हजार फुटी भिंतीची ‘नोज’ ही वाट १९५८ मध्ये वॉरेन हार्डिंग आणि सोबत्यांनी दीड वर्षात विखुरलेले एकूण पंचेचाळीस दिवस खर्चून प्रथम पुरी केली. त्या भिंतीवर जाणारे ज्या तळावर राहतात तिथेच एक मोठी शिळा आहे. तीवरील ‘मिडनाइट लाइटनिंग’ ही चढण रॉन कॉकने १९७८ साली साधली, आणि पायथ्याशी खडूने रेखलेली विजेची खूण जगभरच्या आरोहकांना ठाऊक झाली.

आपल्याकडे सह्याद्रीच्या कातळाने बोल्डरिंगला फारसे उत्तेजन दिले नाही. आपले आरोहण सुळक्यांचे, कड्यांचे. थरांचा, ठिसूळ जागांचा दगड, आणि त्यावर दोर, खिळे घेऊन चालणाऱ्या मोहिमा. मुंब्रा आणि बेलापूर येथील शिळा मुंबईकरांच्या सरावाच्या जागा होत्या. म्हणजे फाँतेनब्लोचीच गोष्ट लोकलगाडीने. १९५४ साली स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’ या मुंबईच्या संस्थेने २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक फेरी भरवली, तेव्हा सरावाचा हा प्रकार कृत्रिम भिंतीवर का होईना पाहुण्यांसमोर मुख्य खेळ म्हणून उभा राहिला. दगडाच्या दृष्टीने आपल्या शेजारी खरे वैभव आहे ते हंपीला. तेथील ग्रॅनाइटच्या राशी २००३ च्या ‘पिल्ग्रिमेज’ या चित्रपटातून जगभर पोचल्या.

ऑलिंपिकमध्येही हा जुना वाद उमटला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत वेग, दोर आणि बोल्डरिंग यांना मिळून एकच पदक होते. २०२४ ला पॅरिसमध्ये वेग सुटा झाला, दोर आणि बोल्डरिंग जोडलेलेच राहिले. २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी तिन्हींना वेगळी पदके ठरली आहेत.

एल कॅपिटनवरच, ‘डॉन वॉल’ या भिंतीवर, टॉमी कॉल्डवेल आणि केव्हिन जोर्जसन १४ जानेवारी २०१५ रोजी एकोणीस दिवसांनी माथ्यावर पोचले. जोर्जसन हा मूळचा उंच शिळांवरचा बोल्डरर. पंधराव्या टप्प्यावर तो अडला. दिवसामागून दिवस त्याच काही फुटांवर तो पडत राहिला, बोटांची कातडी भरून येईस्तोवर थांबला, पुन्हा पडला. ही रीत पुरती शिळेवरची होती, फक्त जमीन हजारभर फूट खाली होती. कॉल्डवेल पुढचे अवघड टप्पे पार करून एकटाही माथा गाठू शकला असता. तो थांबला आणि जोर्जसनला तो टप्पा साधेपर्यंत त्याला बिले देत राहिला.