निकाल की निवाडा?



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्यांच्याच शाळेत परीक्षापद्धतीच्या सुधारणेविषयी बोलणे मला उचित वाटते. त्या विषयाचा आरंभ आपल्या देवास गेटपासूनच करू.

देवास गेटजवळच्या माधव महाविद्यालयावरून जाताना मला गजानन माधव मुक्तिबोधांचे स्मरण होते. ग्वाल्हेर संस्थानातील एका पोलीस अधिकाऱ्याच्या मराठी घरातला हा मुलगा १९३० साली उज्जैनला मिडलच्या परीक्षेत नापास झाला. पुढे तो याच महाविद्यालयात शिकला, १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून बी. ए. झाला आणि हिंदीतील अग्रगण्य कवी ठरला. शाळकरी मुलांसाठी भारताच्या इतिहासाचे पुस्तकही त्याने लिहिले. एका उदाहरणाने परीक्षा निरर्थक ठरत नाही. परंतु बारा-तेरा वर्षांच्या त्या मुलाविषयी ‘नापास’ या एका शब्दाने जगाला नेमके काय सांगितले, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडील शालान्त परीक्षेची सूत्रे दूरवरून हलत. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या अलाहाबादच्या मंडळाकडे प्रथम ग्वाल्हेर संस्थान होते. १९२९ मध्ये राजपुतान्यासाठी अजमेरला निराळे मंडळ झाले, त्यात ग्वाल्हेरचाही समावेश झाला. त्याच मंडळाला १९५२ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ हे नाव मिळाले. ज्याने मुलाला कधी पाहिले नाही, तो त्याची उत्तरपत्रिका तपासणार, ही या व्यवस्थेची उणीव होती आणि हेच तिचे बळही होते. ओळखदेख, जात, घराणे यांना तेथे वाव नव्हता. गरिबाच्या मुलाला मिळालेले प्रमाणपत्र परक्या गावीही चालत असे. सुधारणेचा विचार करताना हे बळ विसरून चालणार नाही.

१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बाह्य परीक्षा कमी कराव्यात आणि शाळेतील वर्षभराच्या नोंदींना स्थान द्यावे, असे सुचविले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तर प्रमाणपत्रावर विषयवार कामगिरी द्यावी, संपूर्ण परीक्षेत पास-नापास असा शेरा नसावा, अशी शिफारस केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत ती मुभा राज्यांना पुन्हा मिळाली. मुलाला रोखू नये, हे आपण सहज स्वीकारले. पण वर्षभर त्याच्याकडे लक्ष द्यावे, हे कष्टाचे अर्धे काम मागेच राहिले. आता २०२० च्या धोरणाने बोर्डाची परीक्षा वर्षातून दोनदा देण्याची वाट दाखविली आहे. संधी वाढेल, हे चांगलेच. पण एकाऐवजी दोन निवाडे एवढाच तिचा अर्थ होऊ नये.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. मीही वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासल्या. एकदा एका परीक्षार्थ्याने कवितेचा अर्थ नमुना-उत्तरापेक्षा अगदी निराळा, पण स्वतःच्या शब्दांत लिहिला होता. गठ्ठा मोठा होता, मुदत थोडी होती. मी पाचापैकी दोन गुण दिले आणि पान उलटले. नियमाने मी चुकलो नव्हतो. शिक्षक म्हणून मात्र चुकलो होतो. ते मूल कोण, हे मला कधीच कळले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, मंडळे बदलतील, योजना बदलतील. निकालपत्रावर सही करताना एवढेच आठवावे, की मुलाला आज काय येते आणि उद्या काय शिकवावयाचे आहे, हे त्याने सांगावे. त्या मुलाच्या आयुष्याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.