भांडारकरांचं पहिलं पुस्तक

रामकृष्ण गोपाळ भांडारकर म्हटलं की पुण्यातली संस्था आठवते. पण त्यांचं मोठं काम मला एका शालेय पुस्तकात दिसतं.

पाठशाळेतली जुनी रीत तुम्हाला ऐकून माहीत असेल. रूपावली घोका, अमरकोश घोका, मग कौमुदी. शब्द एकीकडे, नियम दुसरीकडे. ज्याला आयुष्यभर तेच करायचंय त्याला हे जमायचं. पण इंग्रजी शाळेतल्या मुलाने गणित, इतिहास सांभाळून पाणिनीची सुमारे ४००० सूत्रं कधी गाठायची?

भांडारकर १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत होते. १८६४ साली त्यांचं संस्कृतचं पहिलं पुस्तक आलं, १८६८ साली दुसरं. पाठाची मांडणी साधी: थोडा नियम, थोडे शब्द, आणि लगेच दोन्ही वापरून भाषांतराची वाक्यं. धातूंचे गण दहा, पण सुरुवात पहिल्या, चौथ्या, सहाव्या आणि दहाव्यापासून, कारण त्यांची रूपं सरळ चालतात. क्रम शास्त्राचा नाही, शिकणाऱ्याच्या सोयीचा! आज शिकलेला शब्द आजच वाक्यात चालवायचा.

जुनी रीत अगदीच अडाणी होती असंही नाही हं. अमरकोशाचं खरं नाव 'नामलिंगानुशासन'. म्हणजे शब्दाबरोबर त्याचं लिंगही शिकायचं. शब्द आणि व्याकरण तिथेही हातात हात घालूनच होते, फक्त वाक्य नव्हतं. भांडारकरांनी ते आणलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. हे पुस्तक इंग्रजीतून होतं. 'नगर', 'जल', 'पुत्र' हे शब्द मराठी मुलाच्या घरातलेच, पण ते त्याला इंग्रजी अर्थाच्या दारातून भेटले. त्या काळच्या शाळा बघता ते समजण्यासारखं आहे. पण पुढे भाषांतर म्हणजेच संस्कृत असं होऊन बसलं. वाक्य गणितासारखं सोडवायचं, उत्तर जुळलं की मार्क. बोलणं नाही, आवडीने वाचणं नाही.

आणि आज? शब्दार्थ वेगळे पाठ, रूपं वेगळी पाठ, परीक्षा झाली की दोन्ही विसरली. इंग्रजीचंही कित्येक ठिकाणी हेच. दीडशे वर्षांपूर्वी मोडलेली भिंत आपण गाइडं छापून पुन्हा बांधली की काय, असं वाटतं.

असो. घरात कुणी भाषा शिकत असेल, तर आज रात्री त्याला नवा शब्द विचारू नका. त्या शब्दाचं एक वाक्य विचारा.