खंडाने घेतलेली पहाट



नभोवाणीच्या धंद्यात पहाटे चारचा तास म्हणजे पडीक जमीन. व्यापारी त्या वेळेला जाहिरात देत नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक अंथरुणात असते. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील इंग्रजी केंद्रांनी आपली ही पडीक जमीन स्पॅनिश बोलणाऱ्यांना स्वस्तात खंडाने दिली. तिच्यात काय पिकले आणि ते पीक कोणी कापून नेले, ही आजची हकीकत आहे.

केंद्रवाल्यांचा हिशेब एका ठिकाणी चुकला होता. पहाटे चारला शहर झोपलेले असते हे खरे, पण मजूर झोपलेला नसतो. लॉस एंजेलिस शहराच्या वीटभट्ट्या, आगगाडीचे रूळ आणि आसपासचे संत्र्यांचे मळे मेक्सिकन मजुरांवर चालत. पहिल्या पाळीच्या वेळी गेटावर उभे राहण्यात माझे आयुष्य गेले आहे. चूल पेटवून डबा भरणाऱ्या घराला त्या वेळी एखादा ओळखीचा आवाज किती हवासा वाटतो, हे मला कोणी सांगायला नको.

तो आवाज पेद्रो गोन्सालेस याचा होता. चिवावा प्रांतात जन्मलेला हा माणूस मेक्सिकोच्या क्रांतीत पांचो वियाच्या सैन्यात तारमास्तर होता. पुढे तो कॅलिफोर्नियात आला आणि बंदरावर काम करू लागला. लॉस एंजेलिसजवळच्या बर्बँक येथील केईएलडब्ल्यू केंद्रावर पहाटे चार ते सहा त्याचा कार्यक्रम सुरू झाला. नाव ‘लॉस माद्रुगादोरेस’, म्हणजे भल्या पहाटे उठणारे. सोबत सांचेस बंधूंची गिटार आणि गाणी. त्यांत कॉरिदो असत, म्हणजे घडलेली गोष्ट सांगणारी गाणी, आपल्या पोवाड्याची मावसभावंडेच. गाण्यांच्या मध्ये बातम्या, काम कोठे मिळेल त्याची माहिती आणि जाहिराती. पडीक तास बघता बघता बागायती झाला.

मग मंदी आली. बेकारीचे खापर मेक्सिकनांवर फुटले. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसच्या जुन्या चौकातील बागेला पोलिसांनी वेढा घातला आणि सुमारे चारशे माणसे अडकवून त्यांचे कागद तपासले. त्या दशकात लाखो माणसे धाकाने वा सक्तीने मेक्सिकोला गेली. त्यांत अमेरिकेत जन्मलेले नागरिक आणि मुले मोठ्या संख्येने होती. गोन्सालेस या हद्दपारीविरुद्ध ध्वनिक्षेपकावरून बोलू लागला. गाणे ऐकायला बसलेले कान आता ते बोलणे ऐकत होते, आणि सरकारी वकिलाच्या कचेरीला नेमके हेच खटकले.

१९३४ साली त्याच्यावर एका मुलीवरील बलात्काराचा आरोप आला. शिक्षा झाली एक ते पन्नास वर्षांची, आणि त्याची रवानगी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात झाली. साक्ष खोटी होती, असे त्या मुलीने पुढे स्वतः सांगितले, तरी तो सुटला नाही. त्याची पत्नी मारिया हिने लोक जमवून लढा चालू ठेवला. १९४० साली तो सुटला, तो थेट हद्दपार होण्यासाठी. सीमेपलीकडे तिहुआनात त्याने पुन्हा ध्वनिक्षेपक हाती घेतला. १९९५ साली, शंभरीच्या उंबरठ्यावर, तो वारला.

या कथेत तुरुंगाइतकीच महत्त्वाची गोष्ट खंडाची आहे. गोन्सालेसपाशी आवाज होता, श्रोते होते, पण परवाना दुसऱ्याचा होता. जमीन ज्याची त्याने उद्यापासून येऊ नको म्हटले, की पिकाचा प्रश्न उरत नाही.

हा धडा पुढच्यांनी घेतला. राऊल कोर्तेस आधी दुसऱ्याच्या केंद्रावर वेळ विकत घेऊन स्पॅनिश कार्यक्रम करीत असे. १९४६ साली त्याने टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे केसीओआर हे स्वतःचे पूर्णवेळ स्पॅनिश केंद्र उभे केले. ४ जुलै १९८० रोजी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे ‘रादिओ बिलिंग्वे’ सुरू झाले. त्याचा संस्थापक उगो मोरालेस लहानपणी शेतमजुरी केलेला, मिश्तेक या आदिवासी जमातीतला आणि हार्वर्डला कायदा शिकलेला. १९८३ साली त्याच राज्यात शेतमजुरांच्या चळवळीने केयूएफडब्ल्यू हे केंद्र काढले. त्यावर वाजत ती मेक्सिकन गाणी, आणि गाण्यांच्या मध्ये मजुरांच्या हक्कांची माहिती.

आम्ही संघटनेतले लोक गाण्याला सभेपूर्वी गर्दी जमविण्याचे साधन समजतो. शाहीर गाऊन उतरला की खरे काम सुरू, असे मीही वर्षानुवर्षे मानीत आलो. या इतिहासाने माझी ती समजूत मोडली. गोन्सालेसचे भाषण लोकांनी ऐकले ते त्याने रोज पहाटे त्यांच्यासाठी गाणे म्हटले होते म्हणून. विश्वास आधी गाण्याने कमावला आणि भाषणाने तो खर्च केला.

स्वतःचा परवाना मिळाला म्हणजे सारे मिळाले, असे मात्र मी म्हणणार नाही. आपला मालकही मालकच असतो, आणि जाहिरातदार सर्वांनाच हवा असतो. पण ज्याच्या हाती परवाना आहे त्याला निदान उद्याच्या पहाटेची खात्री असते. गोन्सालेसला तेवढीच हवी होती.