कंट्रोल झेड: चूक परत घेणाऱ्या बटणाची गोष्ट

आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. विषय ऐकून काही जण म्हणतील, कंट्रोल सी, कंट्रोल व्ही? हे तर आम्ही शाळेतच पाठ केलंय. बरोबर आहे. पण ही बटणं कोणी ठरवली आणि हीच का ठरवली, हे मला बीटेकच्या चार वर्षांत एकदाही कोणी सांगितलं नाही. नोकरी लागल्यावर एकदा सहज शोधत बसलो, आणि त्यात मला आमच्याच घरातली एक जुनी गोष्ट सापडली. तिथूनच सुरू करतो.

'नंत'

मी तेव्हा नववीत होतो. बाबा एका पतसंस्थेत क्लार्क होते. संस्थेनं दप्तर कॉम्प्युटरवर आणायचं ठरवलं आणि सभासदांची यादी वर्डमध्ये, इंग्रजीत टाइप करायचं काम बाबांकडे आलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, एका बोटानं टायपिंग. तीन दिवसांत त्यांनी दोनशेच्या वर नावं घातली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी 'अनंत' हे नाव आलं. पहिलं अक्षर कॅपिटल, म्हणजे शिफ्ट धरून ए दाबायचं. आता कीबोर्ड आठवा. शिफ्टच्या बरोबर खाली कंट्रोल असतं. बाबांचं बोट एक घर खाली गेलं. कंट्रोल ए म्हणजे सिलेक्ट ऑल. अख्खी यादी सिलेक्ट झाली, पण बाबांची नजर कीबोर्डवर. त्यांनी पुढचं अक्षर एन दाबलं. सगळी यादी गेली आणि तिच्या जागी एक एन आला. मग ए, एन, टी. मान वर करून बघतात तर कोऱ्या पानावर फक्त 'नंत'.

घाबरून त्यांनी फाइल बंद करायला घेतली. कॉम्प्युटरनं विचारलं, बदल सेव्ह करायचे का? सेव्ह म्हणजे वाचवणे, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी 'येस' दाबलं.

घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "मी कॉम्प्युटर बिघडवला." यादी नंतर ऑफिसातल्या एका तरुण मुलानं पुन्हा केली. बाबा रिटायर होईपर्यंत कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसले नाहीत.

'एडिट' टाइप केलं आणि उरला 'टी'

आता जाऊया अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला. झेरॉक्स कंपनीची तिथं एक संशोधन संस्था होती, झेरॉक्स पार्क. १९७३ मध्ये तिथं आल्टो नावाचा कॉम्प्युटर तयार झाला. स्क्रीन, कीबोर्ड, माउस सगळं होतं. त्याच्यावर १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो नावाचा एडिटर बनवला. स्क्रीनवर जसं दिसतं तसंच कागदावर छापून येतं, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

पण ब्राव्होमध्ये एक गोम होती. तो दोन अवस्थांत चालायचा. त्यांना 'मोड' म्हणतात. एका मोडमध्ये बटण दाबलं की अक्षर उमटायचं, दुसऱ्या मोडमध्ये तेच बटण हुकूम व्हायचं. समजा तुम्ही हुकमाच्या मोडमध्ये आहात हे विसरलात आणि 'एडिट' हा शब्द टाइप केला. ई म्हणजे एव्हरीथिंग, सगळं सिलेक्ट. डी म्हणजे डिलीट, सगळं पुसलं. आय म्हणजे इन्सर्ट, आता लिहा. आणि मग उरलेला टी. अख्ख्या डॉक्युमेंटच्या जागी फक्त एक 'टी'.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. अहो, हा तर आमचा 'नंत'! आणि गंमत बघा, हेच चार्ल्स सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि वर्ड त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालं. म्हणजे बाबांचं वर्ड ब्राव्होच्याच घराण्यातलं.

मोड नको म्हणणारा माणूस

झेरॉक्स पार्कमध्ये १९७३ सालीच लॅरी टेस्लर नावाचा एक प्रोग्रामर आला होता. जन्म १९४५, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. त्याला मोड या प्रकाराची इतकी चीड होती की त्यानं पुढे गाडीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' असं लिहून घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. तेच बटण कधी हे करतं, कधी ते करतं, आणि माणसानं ते लक्षात ठेवायचं. मग चुकलं की दोष माणसाचा. हे उलटं आहे.

टेस्लरनं काय केलं? कॉम्प्युटरची सवय नसलेल्या, नव्यानंच लागलेल्या एका सेक्रेटरीला कोऱ्या स्क्रीनसमोर बसवलं. समज इथं मजकूर आहे, तो तुला दुरुस्त करायचाय, कसा करशील? ती सांगत गेली, तो ऐकत गेला. शिकवलं काहीच नाही.

तेव्हा झेरॉक्सच्या मालकीची गिन नावाची पाठ्यपुस्तकांची प्रकाशन कंपनी बॉस्टनजवळ होती. तिथले संपादक कागदावर कसं काम करतात ते टिम मॉटनं जवळून पाहिलं. छापील मजकुराचे तुकडे कात्रीनं कापायचे आणि गोंदानं दुसरीकडे डकवायचे. कॉम्प्युटर येण्याआधी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतही पानं अशीच लागायची. मॉट आणि टेस्लर यांनी मिळून जिप्सी नावाचा एडिटर लिहिला, १९७४-७५ च्या सुमारास. त्यात हुकमाचा वेगळा मोड नव्हता. अक्षराचं बटण दाबलं की अक्षरच उमटणार. मजकूर माउसनं निवडायचा, कापायचा, डकवायचा. कट, कॉपी, पेस्ट ही त्रिमूर्ती आज आपण ज्या रूपात ओळखतो, ती इथली.

झेड, एक्स, सी, व्ही

१९८० मध्ये टेस्लर ॲपलमध्ये गेला. तिथं लिसा नावाचा कॉम्प्युटर बनत होता. तो १९८३ मध्ये आला, किंमत ९,९९५ डॉलर. फारसा खपला नाही, पण त्यानं आपल्याला एक गोष्ट दिली: कीबोर्डच्या खालच्या ओळीतली चार शेजारी बटणं. डाव्या हाताला सहज पोचणारी, म्हणजे उजवा हात माउसवरच राहतो.

अक्षरं का तीच? टेस्लरनं नंतर सांगितलं ते असं. सी म्हणजे कॉपी. एक्स म्हणजे फुली, खोडायची खूण. आपणही वहीत चुकल्यावर फुलीच मारतो. व्ही म्हणजे मधे शब्द घालण्याची जी खूण असते, तिला उलटी केली. आणि झेड? एक तर ते शेजारीच होतं. दुसरं म्हणजे त्याचा आकार बघा. वरची रेघ पुढे जाते, मधली मागे येते, खालची पुन्हा पुढे जाते. केलं, परत घेतलं, पुन्हा केलं.

विंडोजवाल्यांनी हे लगेच उचललं नाही. आयबीएमच्या नियमांप्रमाणे तिथं कॉपीला कंट्रोल इन्सर्ट होतं, पेस्टला शिफ्ट इन्सर्ट आणि अनडूला ऑल्ट बॅकस्पेस. १९९२ मध्ये विंडोज ३.१ आलं तेव्हा त्यांनीही झेड, एक्स, सी, व्ही घेतले. जुनी बटणं मात्र काढली नाहीत. लॅपटॉप समोर असेल तर शिफ्ट इन्सर्ट करून बघा, पेस्ट होईल.

जाता जाता एक, आमच्या धंद्यातली गंमत. कंट्रोल हे बटण टेलिप्रिंटरच्या काळापासूनचं आहे. कंट्रोल जी दाबलं की समोरच्या यंत्रावर घंटी वाजायची. कंट्रोल सी म्हणजे 'मजकूर संपला' अशी खूण. म्हणून आजही टर्मिनलमध्ये कंट्रोल सी दाबलं की कॉपी होत नाही, चालू प्रोग्राम बंद पडतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी हे केलंय. सीनियर फक्त हसले.

परत घेण्याची मुभा

कट, कॉपी, पेस्टनं वेळ वाचतो. झेडची गोष्ट वेगळी आहे.

अनडूची कल्पना टेस्लरच्या आधीची. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात फ्रेस नावाच्या सिस्टिमवर काम सुरू झालं, तिच्यात ती होती. १९७६ मध्ये आयबीएमच्या दोन संशोधकांनी लिहिलं की वापरणाऱ्याला निदान शेवटचा हुकूम तरी परत घेता आला पाहिजे. निदान शेवटचा! आणि खरंच, बराच काळ एकच पायरी मागे जाता यायचं. विंडोजच्या नोटपॅडमध्ये तर वर्षानुवर्षं तेवढंच होतं. वर्डमध्ये अनेक पायऱ्या मागे जायची सोय १९९३ मध्ये, वर्ड ६ पासून आली.

आता तुमच्या हातातला फोन घ्या. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा त्यात कट, कॉपी, पेस्ट नव्हतंच. तेही टेस्लर जिथं सतरा वर्षं होता त्या ॲपलच्या फोनमध्ये! ते आलं २००९ मध्ये, आणि सोबत फोन हलवून अनडू करायची सोयही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल परत घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. व्हॉट्सॲपवर चुकून 'डिलीट फॉर मी' झालं तर काही सेकंद 'अनडू' दिसतं. सगळं त्याच झेडच्या गोत्रातलं, फक्त फोनवर बटण दिसत नाही, शोधावं लागतं.

लॅरी टेस्लर १६ फेब्रुवारी २०२० रोजी वारला.

गेल्या दिवाळीत मी घरी होतो. बाबांना सोसायटीची एक नोटीस टाइप करायची होती, माझा जुना लॅपटॉप पुढे केला. नाही नाही म्हणत बसले. चार ओळी झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, आता कंट्रोल ए दाबा आणि कुठलंही एक अक्षर दाबा." माझ्याकडे बघायला लागले. "दाबा हो." त्यांनी दाबलं. नोटीस गेली. "आता कंट्रोल झेड." नोटीस परत आली.

त्यांनी ते चार वेळा केलं. घालवली, आणली. घालवली, आणली. मग चष्मा काढून म्हणाले, "अरे, हे तेव्हा होतं?"

"होतं, बाबा."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं नोटीस पूर्ण केली.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरात कोणी कॉम्प्युटरला घाबरत असेल, आई, काका, आजी, तर त्यांना कॉपी पेस्ट नंतर शिकवा. आधी दोन गोष्टी सांगा. काही बिघडलं तर कंट्रोल झेड. आणि घाबरून फाइल बंद करताना 'सेव्ह करायचं का' असं विचारलं तर 'नो' दाबा, म्हणजे शेवटचं सेव्ह केलेलं तरी हातात राहतं. त्यांच्यासमोर एकदा सगळं पुसून दाखवा आणि परत आणून दाखवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, काळजी घ्या!