टॉवेल, रिव्हॉल्व्हर आणि मिताक्षरा

जो दावा करेल त्यानेच तो सिद्ध करावा. हा नियम रोममध्ये होता, इंग्लंडमध्ये होता, आणि भारताच्या 1872च्या पुराव्याच्या कायद्यात तो कलम 101 झाला. इथवरची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. खरी गंमत कलम 105मध्ये आहे: आरोपीने अपवाद पुढे केला, तर तो त्यानेच दाखवावा.

27 एप्रिल 1959ला मुंबईत प्रेम आहुजा गोळ्या लागून मेला. आरोपी कमांडर नानावटींचा बचाव असा: रिव्हॉल्व्हर माझ्या हातात होतं, पण गोळ्या झटापटीत चुकून सुटल्या. ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने ते मानलं नाही आणि त्यांना दोषी ठरवून शिक्षा दिली. अपघात आरोपीने दाखवायचा असतो, हे ज्यूरीला नीट सांगितलंच नव्हतं. शिवाय आहुजाच्या कमरेचा टॉवेल झटापटीनंतरही सुटला नव्हता! 1961मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

आता सुमारे नऊशे वर्षं मागे, चालुक्यांच्या कल्याणीला जाऊ. विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या धर्मशास्त्रग्रंथात प्रतिवादीची उत्तरं चार: कबुली, साफ नकार, ‘घेतले होते, पण फेडले’ असं कारण, किंवा ‘याचा निवाडा आधीच झालाय’. नकार आला तर पुरावा वादीने द्यायचा. कारण सांगितलं किंवा जुना निवाडा पुढे केला, तर प्रतिवादीने. कबुली दिली तर पुराव्याचा प्रश्नच नाही. नानावटींचं उत्तर यातलं तिसरं: ‘हो, पण’.

कोणी म्हणेल, हे रोमचंच देणं. रोमन कायदेपंडित उल्पियनही सांगतो की बचाव मांडणारा तेवढ्यापुरता वादी होतो. 1872च्या कायद्याचा मसुदा करणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनच्या काळी इंग्लंडही तसंच मानत होतं. मान्य, स्टीफनने मिताक्षरा समोर ठेवली होती, असा माझा दावा नाही. पण 1935च्या वूलमिंग्टन खटल्यात, बंदूक चुकून सुटली याच बचावावर, हाउस ऑफ लॉर्ड्सने उलट निर्णय दिला: अपघात नव्हता हे सरकारनेच सिद्ध करावं. इंग्लंडने नियम सोडला, आपण ठेवला. माझ्या मते तो दोन ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मला, कारण आतली गोष्ट ज्याला ठाऊक त्यानेच ती उलगडावी, हे कुठल्याही न्यायसभेला सुचेल. आणि इथे तो टिकला, कारण इथल्या न्यायविचाराला तो परका नव्हता.

एक फरक मात्र मोठा आहे. विज्ञानेश्वराचं उदाहरण कर्जाचं, इथे प्रश्न जिवाचा. म्हणूनच गुन्हा सिद्ध करण्याचा मूळ भार सरकारवरून हलत नाही, आणि आरोपीने आपला बचाव संभवनीय दाखवला तरी पुरतो.

1 जुलै 2024पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. कलम 105 आता कलम 108 आहे, नियम तोच.