कपाटातला शेजार

कॅनडाच्या १८७६च्या ‘इंडियन ॲक्ट’मध्ये एक कलम होतं. मूलनिवासी माणसानं विद्यापीठाची पदवी मिळवली, की कायद्याच्या लेखी तो ‘इंडियन’ उरत नसे. शिकायचं असेल तर आपल्या माणसांतून नाव कमी करून घ्या, असा हा सौदा. त्याच देशात, व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आज मूलनिवासींचं स्वतंत्र ग्रंथालय उभं आहे: ह्वेह्वा. इमारतीची घडण जमिनीत अर्धवट खोदलेल्या पारंपरिक घरासारखी आहे. येणारे-जाणारे तिचे फोटो काढतात. ग्रंथालयाचं खरं वेगळेपण मात्र आत, कपाटांत आहे.

अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ची वर्गीकरण पद्धत मूलनिवासींना थेट ‘अमेरिकेचा इतिहास’ या विभागात टाकते. त्यातही जमाती लावल्यात इंग्रजी अक्षरक्रमानं. त्यामुळे पॅसिफिकमधल्या बेटांवरचे हैडा आणि ग्रँड कॅन्यनमधले हवासुपाई जवळजवळ मांडीला मांडी लावून बसतात. हैडांचे समुद्रापलीकडचे शेजारी त्सिमशियन मात्र कुठच्या कुठे जाऊन पडतात. हयात असलेला समाज इतिहासजमा, आणि शेजारी परके.

यावर उतारा निघाला तो राजकीय लढ्यातून. काह्नावाके इथले, मोहॉक जमातीचे ग्रंथपाल ब्रायन डीअर १९७४ ते १९७६ या काळात ओटावात ‘नॅशनल इंडियन ब्रदरहुड’ या मूलनिवासींच्या राजकीय संघटनेत कामाला होते. तिथल्या कागदपत्रांसाठी त्यांनी स्वतःची वर्गवारी बांधली. जमिनीचे हक्क, शासनव्यवस्था यांना तिथं स्वतंत्र जागा मिळाली. कोणाशेजारी कोण हे नकाशा बघून ठरू लागलं. पुढे ब्रिटिश कोलंबियात तिची स्थानिक आवृत्ती तयार झाली, त्यात ग्रंथपाल जीन जोसेफ यांचा मोठा वाटा होता. ह्वेह्वातली कपाटं याच आवृत्तीप्रमाणे लागतात.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अशा ग्रंथालयाची गरज आधीच तयार होती. १९७४मध्ये मूलनिवासी शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्या विद्यार्थ्यांना पुस्तकं हवी होती. असा जमत गेलेला संग्रह १९९३मध्ये विद्यापीठातल्या मूलनिवासींच्या नव्या वास्तूच्या, ‘लाँगहाउस’च्या आवारात आला. संस्थापक ग्रंथपाल होत्या जीन जोसेफच. २००५मध्ये ह्वेह्वा विद्यापीठ ग्रंथालयाची रीतसर शाखा झाली.

या वेगळ्या वर्गवारीची किंमत रोज मोजावी लागते. बाहेरून आलेली तयार नोंद जशीच्या तशी चालत नाही. पुस्तक हातात घेऊन, ते कोणाबद्दल आहे हे पाहून क्रमांक घालावा लागतो. डीअर यांची पद्धतही सगळीकडे एकच नाही, त्या-त्या संग्रहाप्रमाणे ती वाकवावी लागते. विद्यापीठांना भिंतीवर चित्रं लावणं, दालनाला मूलनिवासी नाव देणं परवडतं. क्रमांक बदलायला पगारी माणसं लागतात, आणि एखादं विद्यापीठ किती गंभीर आहे ते तिथंच कळतं.